शेवटचे दोनशे किलोमीटर

वाचकहो, निवृत्तीनंतर पती-पत्नींनी चालते-फिरते घर घेऊन महिना-दीड महिना भारतभ्रमणास निघावे, ही हौस आता आपल्या मराठी कुटुंबांतही दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून या वाहनाचे नावही आपल्याला परके राहिलेले नाही. आपल्या पूर्वजांनी बैलगाडीत शिधा आणि अंथरूण घालून यात्रा केल्या. आपण शेगडी, पलंग आणि पाण्याची टाकी बरोबर घेऊन निघतो, एवढाच फरक. प्रवासास निघण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे पुष्कळदा सांगितले जाते. आज मी प्रवासाच्या शेवटाविषयी लिहिणार आहे, कारण घर जवळ आले की माणूस सर्वांत बेसावध होतो.

समजा, तुमचे घर भिवंडीतील टेमघरला आहे. काशी, प्रयाग, जबलपूर असे करीत चाळीस दिवसांनी तुम्ही नागपुरास पोचला आहात. पुढे समृद्धी महामार्ग आहे. ५ जून २०२५ रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता थेट भिवंडी तालुक्यात येऊन थांबला. आमण्याहून मुंबई-नाशिक महामार्ग, मग राजणोली नाका आणि लगेच आपले टेमघर. सकाळी निघालो तर रात्रीचे जेवण घरी, असे गणित मनात तयार होते. हे गणित कागदावर चुकत नाही, शरीरात चुकते.

पहिली गोष्ट झोपेची. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची सावधानता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, तोही पहाटे पाचला उठून रात्री दहाला सुकाणूवर बसलेला असेल, तर कायद्याने मद्यपी ठरणाऱ्याहून अधिक सुस्त असू शकतो. त्यात सरळ, वळणे नसलेला रस्ता डोळ्यांना गुंगी आणतो. डोळे उघडे असतात, पण गेल्या पाच किलोमीटरांत काय दिसले ते आठवत नाही. हे एकदा जरी जाणवले, तरी पुढच्या सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करावी, चहा किंवा कॉफी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी झोप केवळ काही मिनिटे पुढे ढकलली जाते.

व्यवसायाने गाडी चालविणाऱ्यांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. तरण्या, सरावलेल्या चालकाला जी मर्यादा घालून दिली गेली, ती पासष्टीच्या गृहस्थांनी हौसेखातर ओलांडू नये. तुमच्या वयाला तर दिवसाला पाच-सहा तासच पुरेत, आणि तेही दर दोन तासांनी खाली उतरून. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर होतात. तेही एका दिवसासाठी जास्तच आहेत. मध्ये एक मुक्काम करावा, शिर्डीला दुसरा करावा आणि उरलेले दोनशे किलोमीटर तिसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात कापावेत. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आणि त्यानंतर गोदामांकडे वळणाऱ्या मालमोटारींची भिवंडीची गर्दी, या दोन्ही गोष्टी ताज्या डोळ्यांनी पाहाव्यात अशाच आहेत. वेगवान रस्त्यावर अनेक तास काढल्यावर साठचा वेगही चाळीससारखा भासतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती विशेषतः गृहिणींसाठी. भाड्याने घेतलेले वाहन परत करायचे म्हणून शेवटच्या दिवशी टाक्या रिकाम्या केल्या जातात, न्हाणीघर धुऊन बंद होते. मग वाटेत स्वच्छतागृह कसे असेल, या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कित्येकदा लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळीही गुपचूप टाळतात. त्याचे फळ डोकेदुखी, मूत्रमार्गाचा दाह आणि रक्त दाटणे या रूपाने मिळते. टाकी घरी पोचल्यावर रिकामी करा, वाटेत नको.

तिसरी गोष्ट औषधांची. महिन्याच्या हिशेबाने नेलेल्या गोळ्या चाळीसाव्या दिवशी संपलेल्या असतात आणि ‘आता घरी गेल्यावर घेऊ’ असे ठरते. रक्तदाबाला आणि मधुमेहाला ही सवलत ठाऊक नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी गाडी चालविण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. ती ९० च्या खाली असेल, तर आधी खावे, मगच चावी फिरवावी. उन्हात उभ्या केलेल्या वाहनात इन्सुलिन ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. शिर्डीच्या मुक्कामी रात्री दिवा मालविण्यापूर्वी बाईंच्या लक्षात येते की यजमानांची एकच पोटरी सुजली आहे, किंचित गरम लागते आहे, दाबली तर दुखते आहे. दिवसभर बसून पाय भरले असतील, असे म्हणून त्या तेलाची बाटली घेतात. वर्षानुवर्षांच्या मायेचा तो हात आहे. पण वाचकहो, त्या क्षणी तो हात थांबला पाहिजे. दोन्ही पाय सारखे सुजणे हे बहुधा बसण्याचे लक्षण असते. एकाच पायाची सूज, दुखणे आणि ऊब ही खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. अशा पायाला चोळू नये, चेपू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

दीर्घकाळ बसून राहण्याने अशी गुठळी होते, याकडे अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी १९५४ मध्येच लक्ष वेधले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मग तो प्रवास विमानाचा असो, आगगाडीचा असो वा मोटारीचा. मुळात हा धोका थोडा आहे, म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि फार स्थूल व्यक्ती यांनी निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. इतरांनी दर दोन तासांनी पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी टाचा व चवडे उचलावेत आणि पाणी प्यावे. आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

अशा वेळी यजमान म्हणतील, ‘आता दोनशे किलोमीटर तर राहिले, टेमघरला जाऊन आपल्याच डॉक्टरांना दाखवू.’ तेथे बाईंनी नमते घेऊ नये. त्याच गावी, त्याच रात्री रुग्णालय गाठावे; धाप किंवा छातीत कळ असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पायाच्या सोनोग्राफीने निदान होते आणि वेळेवर औषध सुरू झाले, तर बहुतेक रुग्ण सुखरूप घरी येतात. हाच न्याय उलटही लागू आहे. बाईंची छाती भरून आली आणि त्या ‘पित्त असेल’ म्हणाल्या, तर यजमानांनी ते ऐकू नये.

म्हणून निघण्यापूर्वीच दोघांनी एक करार करावा. ‘थांबू या’ असे जो म्हणेल, त्याच्याशी वाद घालायचा नाही. चाळीस दिवस एका खोलीएवढ्या जागेत काढल्यावर दोघेही चिडखोर झालेले असतात, सूचना टोचते, आणि म्हणूनच हा करार आधी हवा. गाडी धावत असताना दुसऱ्याने मागच्या पलंगावर आडवे होऊ नये. पुढे, पट्टा बांधून, शेजारी बसावे. चालविणाऱ्याच्या जांभया मोजणारे दुसरे कोणी तेथे नसते.

घरी पोचल्यावर दोन दिवस स्वस्थ झोपा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि पुढचे काही आठवडे पायांकडे लक्ष ठेवा, कारण गुठळी प्रवासानंतरही प्रकट होऊ शकते. उल्हास नदीचे पाणी टेमघरच्या शुद्धीकरण केंद्रातून ठाणे, भिवंडीपर्यंत जाते. त्या ओळखीच्या पाण्याचा पहिला पेला दोघांनी मिळून घ्यावा. तो एक-दोन दिवस उशिरा मिळाला, तरी काही बिघडत नाही.