चहाच्या सुट्टीतली असर

डिसेंबरातली गोष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत आमच्या ऑफिसात सव्वाचारला चहाची सुट्टी होते. जिन्याखाली मुसल्ला अंथरताना मी एका तरुण सहकाऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "चाचा, अजून वक्त झाला नाही. आमच्या मशिदीत पावणेपाचला जमात असते. आत्ता पढलेली नमाज होणारच नाही." मी एकटाच पढलो. साडेसहाला आम्ही सुटलो, तोवर मगरिबची अजान होऊन अर्धा तास झाला होता. त्याची असर कजा झाली. आणि ही रोजची रड आहे.

मी कोकणी, म्हणजे शाफई. वस्तूची सावली, भर दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूएवढी झाली की आमची असर सुरू होते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. मुंबईत हा फरक हिवाळ्यात पाऊण तासाचा, तर जूनमध्ये सव्वा तासाचा पडतो. म्हणजे सव्वाचारला शाफई असर वर्षभर लागलेली असते आणि हनफी असर एकाही दिवशी लागलेली नसते. उपनगरातल्या बहुतेक मशिदी हनफी आहेत, त्यांनी आपल्या वेळेला जमात करावी. तक्रार त्याची नाहीच.

तक्रार "नमाज होणारच नाही" या वाक्याची आहे. हे वाक्य त्या पोराला कोणी शिकवले? इमाम अबू हनीफांचे दोन थोर शागिर्द, इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद, यांचे मत एका सावलीचेच आहे. म्हणजे हे मत हनफी घरातलेच आहे, आम्ही कोकणातून आणलेले नाही. जिब्रीलने रसूलुल्लाहांना दोन दिवस नमाज पढवून वेळा दाखवल्या, त्या रिवायतीतही पहिल्या दिवशीची असर एका सावलीवर आहे. आणि उमरा करून येणारे आमचे हनफी भाऊ मक्केत काय करतात? हरमच्या इमामामागे एका सावलीवरच असर पढतात आणि रडत दुआ मागतात. मग तीच वेळ सहार विमानतळावर उतरताच बातिल कशी होते?

खरा घोटाळा मशिदीतल्या घड्याळांच्या फळीने केला आहे. त्या फळीवर जमातीची वेळ असते, नमाजेचा वक्त सुरू होण्याची नव्हे. माणसे दोन्ही एकच समजतात. कुरआनात सूरह निसाच्या 103व्या आयतीत नमाज ठरल्या वेळी फर्ज असल्याचे सांगितले आहे. ती वेळ सूर्य ठरवतो, कमिटी नव्हे. मुंबईचा सूर्य तर भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी 39 मिनिटे मागे चालतो. 1955 पर्यंत या शहराने स्वतःचा 'बॉम्बे टाइम' जपला तो त्यामुळेच. आमच्याकडे बाराच्या ठोक्याला जवाल मानणारेही आहेत, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

कोणी म्हणेल, सावधगिरी म्हणून उशिरा पढलेले बरे. ज्याला उशिरा पढता येते त्याने जरूर पढावे. पण विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला, कारखान्यात पंच करून बसणाऱ्या बाईला उशीर म्हणजे थेट कजा. मान्य मत हाताशी असताना तिला कजेकडे ढकलण्यात कसली आली सावधगिरी?

मी दोन्ही असरचे रकाने असलेला वर्षाचा तक्ता छापून घेतला आहे. जुम्म्याला तो आमच्या मशिदीच्या सदरांच्या हातात देणार आहे. फळीशेजारी एक खिळा रिकामाच आहे.