'नाइस'वरची बंदी आणि समानार्थी शब्दांचे थोतांड

इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या वर्गांत 'नाइस' या शब्दावर जवळजवळ बंदीच असते. हा शब्द गुळगुळीत झाला आहे, तो आळशी माणसाचा शब्द आहे, असे विद्यार्थ्याला बजावले जाते आणि त्याच्या हाती बदली शब्दांची यादी दिली जाते : प्लेझंट, ॲग्रीएबल, डिलाइटफुल, लव्हली, चार्मिंग. आपल्याकडची मुले ही यादी निमूटपणे पाठ करतात, कारण अधोरेखित शब्दाचा समानार्थी शब्द लिहिला की गुण मिळतो. माझा विरोध या बंदीला आहेच. त्याहून अधिक विरोध तिच्या मुळाशी असलेल्या समजुतीला आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा बसवला तरी अर्थ तोच राहतो, ही ती समजूत. साहित्याच्या अभ्यासाला याहून घातक समजूत दुसरी नसेल.

यादी वापरूनच पाहू. 'नाइस वेदर'ऐवजी 'प्लेझंट वेदर' चालते. पण चुकलेल्या फटक्यानंतर खेळाडूला म्हटले जाणारे 'नाइस ट्राय' घ्या. तिथे 'प्लेझंट ट्राय' म्हणता येत नाही. 'नाइस अँड वॉर्म' म्हणणारा माणूस खोलीला दोन विशेषणे लावत नसतो, हवी तशी ऊब आहे एवढेच सांगत असतो. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छानसा भेद नव्हे, बारकाईने पाहिल्याशिवाय हाती न लागणारा भेद. आणि घोटाळा करून ठेवणाऱ्याला उद्देशून नुसते 'नाइस!' म्हटले, तर अर्थ पुरता उलटतो. यादीतला एकही शब्द या सगळ्या जागा भरू शकत नाही. मग ही यादी समानार्थी कशी?

या शब्दाचा इतिहास पाहिला तर यादी आणखीच केविलवाणी दिसते. लॅटिनमधला 'नेस्कियस' म्हणजे अजाण. तो जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. चॉसरच्या वाचकाला हा अर्थ ठाऊक हवा. पुढे त्याला चंचल, लाजरा, नाजूक, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म अशा छटा येत गेल्या. 'सुखद' हा आजचा अर्थ अठराव्या शतकातला. शिवी म्हणून आलेला शब्द पाच शतकांत शाबासकी झाला.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. संतवाङ्मयातला 'बरवा' म्हणजे सुंदर, उत्तम; आजचा 'बरा' जेमतेम काठावर उत्तीर्ण झालेला. धर्मशास्त्रांत 'साहस' हे बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव आहे. आज साहसासाठी पारितोषिके दिली जातात. 'बरवा' म्हणजे 'बरा' असे टिपून कोणी ज्ञानेश्वरी वाचू लागला, तर त्याच्या हाती काय लागेल?

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचे नेमके हेच होते. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकात न पोचलेल्या पत्राबद्दल फ्रायर लॉरेन्स म्हणतो की, ते 'नाइस' नव्हते. विद्यार्थी समजतो, पत्र चांगले नव्हते. लॉरेन्सला म्हणायचे आहे की, ते क्षुल्लक नव्हते. आणि त्या क्षुल्लक नसण्यावरच तर शोकांतिका उभी आहे. 'पर्सुएशन'मधला मिस्टर एलियट म्हणतो की, चांगली मंडळी शिक्षणाच्या बाबतीत फारशी 'नाइस' नसतात. चोखंदळ नसतात, असा त्याचा अर्थ. सी. एस. लुईस यांनी 'स्टडीज इन वर्ड्‌स' (१९६०) या पुस्तकात बजावले आहे ते हेच : शब्दाचा आजचा अर्थ जुन्या वाक्यात चपखल बसल्यासारखा वाटतो, तेव्हाच तो सर्वांत धोक्याचा असतो.

बंदीचे समर्थक जेन ऑस्टेनचा दाखला देतात. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्री टिल्नी 'नाइस'च्या सैल वापरावरून कॅथरीनची थट्टा करतो, हे खरे. पण त्याची बहीण लगेच त्याला अडवते आणि तोच शब्द 'फाजील चोखंदळ' या अर्थाने त्याच्यावर उलटवते, हे सांगायचे राहून जाते. ऑस्टेनचा उपहास शब्दावर जितका आहे तितकाच शब्दाची पहारेदारी करणाऱ्यावर आहे. शिवाय टिल्नीला प्रिय असलेला नेटका, सुसंस्कृत अर्थ तरी मूळचा कुठे होता? मूळचाच अर्थ खरा मानायचा, तर 'मूर्ख' हाच मानावा लागेल. अमुक एका वर्षी घड्याळ थांबवून त्या क्षणाला शुद्धता म्हणणे हा शुद्धिवाद्यांचा जुना खेळ आहे.

या पहारेदारीला आणखी एक वास आहे. टिल्नी दुरुस्त करतो ते एका मुलीचे बोलणे. १९२६ साली फाउलरने आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात 'नाइस'चे व्यक्तित्व हरपल्याचा ठपका थेट स्त्रियांच्या आवडीवर ठेवला. ज्या शब्दाला आपण निःपक्षपातीपणे 'निकृष्ट' म्हणतो, त्याच्या निकृष्टपणात बोलणारी कोण होती याचाही हिशेब धरलेला असतो.

रॉजेटच्या १८५२ सालच्या 'थिसॉरस'ला मात्र मी दोषी धरणार नाही. त्याने शब्द कल्पनांनुसार एकत्र मांडले, ते लिहिणाऱ्याला शेजारच्या शब्दांतून नेमका शब्द निवडता यावा म्हणून. ती शेजाऱ्यांची वस्ती होती. आपण तिचे बदली कामगारांचे हजेरीपुस्तक केले. आता तर संगणकावर शब्दाला नुसता स्पर्श केला की, पर्याय हात जोडून उभे राहतात.

कोणी म्हणेल, 'ही कविता नाइस आहे' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही काहीच सांगायचे नाही का? जरूर सांगावे. पण 'नाइस' खोडून 'एक्स्क्विझिट' लिहिल्याने त्याने कविता अधिक वाचली असे होत नाही. आळस तोच राहतो, वर ढोंगाची भर पडते. त्याला दुसरे विशेषण देऊ नका, कारण विचारा. कवितेतली कोणती ओळ, कोणते वळण, कोणता आवाज आवडला? ते सांगता आले, तर 'नाइस' राहिला काय आणि गेला काय!

कोलरिजने 'बायोग्राफिया लिटरारिया'त (१८१७) 'डीसिनॉनिमाइझ' असे एक क्रियापद घडवले. समानार्थी मानल्या गेलेल्या शब्दांना वेगळे करत जाणे ही भाषेची वाढ, असे तो मानतो. आणि 'फॅन्सी' व 'इमॅजिनेशन' यांची फारकत करून ते दाखवून देतो. इंग्रजी समीक्षेतला एक फार मोठा विचार असा दोन 'समानार्थी' शब्दांना वेगळे करण्यातून उभा राहिला. तो विचार आपण पदवीच्या वर्गात शिकवतो. आणि त्या वर्गात येईपर्यंत विद्यार्थ्याला दहा वर्षे शब्द एकमेकांत मिसळण्याचेच गुण देत आलेलो असतो. प्रश्नपत्रिकेत एवढाच बदल करावा : समानार्थी शब्द विचारू नये, दोन जवळचे शब्द देऊन, एकाच्या जागी दुसरा का चालत नाही, ते विचारावे.