विश्लेषण : पाळणाघराच्या अनुदानावरून नेदरलँड्सचे सरकार का पडले?

मूल पाळणाघरात ठेवून नोकरीला जाणाऱ्या पालकांना नेदरलँड्समध्ये सरकार त्या खर्चाचा काही वाटा देते. उत्पन्न जितके कमी, तितके अनुदान जास्त. करखाते ही रक्कम आगाऊ देते, हिशेब नंतर होतो. गोची इथेच झाली.

फसवणुकीची प्रकरणे गाजल्यावर खात्याने २०१३ पासून अर्जांना जोखमीचे गुण देणारी संगणकप्रणाली वापरली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिचा एक निकष होता. गुण जास्त आले की अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडे जाई. पण ते कशामुळे वाढले, हे त्यालाही दिसत नसे. (असे मॉडेल कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही पास झाले नसते.)

तरीही सगळे खापर अल्गोरिदमवर फोडणे सोयीचे आहे. खरा घाव घातला तो नियमाने. पालकाने स्वतःच्या हिश्शाचे थोडे पैसे भरल्याचा पुरावा दिला नाही, एखादी सही राहिली, तरी वर्षभराचे संपूर्ण अनुदान परत मागितले जाई. हजारो युरोंची वसुली! सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही २०१९ पर्यंत हाच अर्थ उचलून धरला. कुटुंबे कर्जात बुडाली, संसार मोडले.

डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला, ‘अभूतपूर्व अन्याय’ या नावाने. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रूट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पीडित पालकांना ३० हजार युरोंची भरपाई जाहीर झाली. मार्चमध्ये निवडणूक झाली. पहिला आला तो रूट यांचाच पक्ष.