खलनायक उडाला, मग नायक का नाही?

सूडपटांवर शिक्षकमंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो : ‘हे सारे अशास्त्रीय आहे.’ आक्षेप खरा आहे. पण तो घेऊन फारसे काही साधत नाही, असे मला वाटते. पूर्वी जत्रेतल्या तंबूत आणि आता दौंड-पुणे गाडीत मोबाइलवर असले चित्रपट पाहणाऱ्या शिरूर-दौंडकडच्या मुलांना ते ठाऊकच असते. म्हणून तर ती हसतात आणि शिट्ट्या मारतात.

विद्यार्थी मित्रांनो, थोडा हिशेब करू. नायकाच्या ठोशाने ७० किलोग्रॅमचा गुंड १० मीटर दूर जाऊन पडला. तो ४५ अंशांच्या कोनात उडाला असे धरले, तरी सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर हवा. म्हणजे संवेग झाला ७०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग उलट दिशेने नायकालाही मिळणार! जागच्या जागी उभा असलेला नायक तितक्याच वेगाने मागे भिरकावला जायला हवा. बंदुकीचेही तेच. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने आली आणि शरीरात रुतली, तर त्या माणसाला सेकंदाला जेमतेम साडेचार सेंटिमीटर वेग मिळेल. काच फोडून तो बाहेर पडणार नाही.

तरीही गर्दी होते. ज्याच्या घरी बांधाचा दावा वर्षानुवर्षे चालू आहे, तारखेमागून तारीख पडते आहे, त्याला अडीच तासांत लागलेला निकाल गोड वाटणारच. ‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो, सेन्सॉरमुळे तो बदलून तेथे पोलीस आणावे लागले. सूडाची ही ओढ जुनीच आहे. दुःशासनाचे रक्त पिणारा भीम आपल्या आजोबा-पणजोबांनाही आवडत होता.

‘मक्खी’ (२०१२) या चित्रपटात तर खून झालेला तरुण माशी होऊन सूड घेतो. कल्पना अचाट, पण मला हा चित्रपट पुष्कळ ठोसेबाजांपेक्षा शहाणा वाटतो. माशी सुमारे १२ मिलिग्रॅमची, खलनायक तिच्या लाखो पट जड. ती त्याला ठोसा मारीत नाही. त्याची झोप उडवते, गाडी चालवताना त्याचे लक्ष विचलित करते. अपघाताची ऊर्जा मोटारीचीच!

माझी तक्रार वेगळीच आहे. हवेत उडणारा गुंड कोणी खरा मानीत नाही. पण डोक्यावर दांडा बसून सिमेंटवर कोसळलेला माणूस लगेच उठतो, हे खरे वाटते, आणि गल्लीतल्या भांडणात तेच मनात असते. दीड मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या डोक्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होतो. ते ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावरील मंदन गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट भरते. कवटी फुटायला किंवा मेंदूत रक्तस्राव व्हायला एवढे पुरते. नववीला न्यूटनचे नियम शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे.