दुखणे कोणाचे?

मोरा बंदरातून लाँचने मुंबईला उपचारासाठी जाणे आम्हांला नवे नाही. तृतीयपंथीयांना मात्र समुद्रापेक्षा रुग्णालयातील रांगच दुस्तर! कुजबुज, कुचेष्टा, पुरुषांचा कक्ष की स्त्रियांचा हा वाद. यापायी ते दुखणे अंगावर काढतात आणि बरा होणारा आजार बळावतो. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना रुग्णालयांत उपचार मिळण्याची तजवीज करण्यास सरकारांना बजावले. 2023 साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात स्वतंत्र कक्षही उघडला. पण ज्यांना घरानेच उंबऱ्याबाहेर काढले, त्यांच्या उशाशी कोण बसणार? सारा दोष रोगजंतूंवर ढकलून आमची सुटका नाही. दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूची जात विचारली नव्हती. आम्ही मात्र आधी लिंग विचारतो!