संग्राहक म्हणजे चोर नव्हेत

संपादक महोदय,

मैफलींच्या अप्रकाशित ध्वनिफिती जमवणारे सगळे चोरच, हे आपल्या अंकातले मत एकांगी आहे.

एक, कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या ऐकण्यासाठी, अध्यापनासाठी वा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण कलाकाराच्या हक्काचा भंग मानत नाही. फितींची परस्पर विक्री गैरच. तिथे दुमत नाही.

दोन, ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सारे जपले म्हणता? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची बाजू तीनेक मिनिटांत संपे. गायिका केसरबाई केरकरांची रागाची सावकाश बढत तीत मावणार कशी?

तीन, गायक अब्दुल वहीद खाँ तबकड्यांपासून दूरच राहिले. त्यांचा दरबारी राग उरला तो रेडिओवरचे गाणे कुणीतरी टिपून ठेवले म्हणून. पुढे कंपनीनेच ते विकले!

फितींना बुरशी चढते आहे. आधी त्या वाचवा, आरोप मागाहून करा.

— एक श्रोता, छत्रपती संभाजीनगर