वजनदार हाडांचा बाजार

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी फराळाला आलेल्या एका गृहस्थांनी चकली मोडता मोडता आमच्या रेवाकडे पाहिले आणि अगदी सहानुभूतीच्या सुरात विचारले, "ही मिक्स आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो, "लॅब्रॅडॉर आहे."

"असेल, असेल," ते म्हणाले. परीक्षेत नापास झालेल्या मुलाचा बाप 'ऐन वेळी ताप आला होता' असे सांगू लागला म्हणजे आपण जसे ऐकून घेतो, तसे त्यांनी माझे ऐकून घेतले. मग खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाले, "तो बघा. लॅब्रॅडॉर असा असतो."

खाली भाऊसाहेबांचा शेरू फिरायला निघाला होता. निघाला होता म्हणजे भाऊसाहेब पुढे निघाले होते आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेरू विचार करीत उभा होता. शेरूचे वजन ४२ किलो, रेवाचे २५. शेरूचे डोके घागरीएवढे आणि मान कुठे संपते व पाठ कुठे सुरू होते हे त्याचे त्यालाच ठाऊक. रेवा पायांनी उंच, डोक्याने अरुंद, आणि उन्हात उभी राहिली की शेवटच्या दोन बरगड्यांची रेघ दिसते.

त्या गृहस्थांचा मला राग आला नाही; त्यांच्या "असा असतो" या दोन शब्दांचा मात्र आला. आणि तो वर्षभर उतरलेला नाही, म्हणून हा लेख.

बंदुकीच्या शिकारीत मदत करणाऱ्या कुत्र्यांना इंग्रज लोक गनडॉग म्हणतात. पॉइंटर पक्षी कुठे दडला आहे ते दाखवतो, स्पॅनियल त्याला झुडपातून उठवतो, आणि रिट्रीव्हर, म्हणजे आमची ही मंडळी, पडलेला पक्षी तोंडात हलके धरून धन्याच्या हातात आणून देतात. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे. बर्फाळ पाण्यात उड्या घेऊन जाळ्यांच्या दोऱ्या आणि निसटलेले मासे ओढून आणणे हा त्यांचा धंदा. मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात उतरले. तिथे माम्सबरीच्या अर्लांनी ते हेरले आणि बदकांच्या शिकारीला लावले. १८८० च्या दशकात त्यांच्याकडचे काही कुत्रे स्कॉटलंडात बक्लूच्या ड्यूकांकडे गेले. आज जगभर फिरणाऱ्या लॅब्रॅडॉरांचे कुलवृत्तान्त बहुतेक तिथेच जाऊन मिळतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात स्वतंत्र म्हणून मानली ती १९०३ साली.

आता वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या कुत्र्याला थंडगार पाण्यात पोहायचे त्याला दाट अस्तराचे केस आणि भरदार छाती हवी. ज्याला दिवसभर शेताशिवारातून पळायचे त्याला लांब ढांग आणि हलके अंग हवे. एकाच जातीत ही दोन्ही अंगे पहिल्यापासून होती. कोणी जरा ठेंगणा-भरलेला निघे, कोणी उंच-सडसडीत. पण दोघांनाही संध्याकाळपर्यंत काम करावे लागे आणि न करणाऱ्याची वीण पुढे चालत नसे. जातीचे कुंपण कामाने घातलेले होते आणि त्या कुंपणाच्या आत भरपूर मोकळी जागा होती.

मग प्रदर्शने आली. प्रथम काही बिघडले नाही. लोर्ना काउंटेस हाउ या बाईंचा बँकरी बोलो हा कुत्रा मैदानी चाचण्यांतही चॅम्पियन झाला आणि प्रदर्शनाच्या रिंगणातही. दोन्हीकडे असा मान मिळवणारा तो पहिला लॅब्रॅडॉर. त्याच बाईंचा ब्रॅमशॉ बॉब १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे क्रफ्ट्‌सच्या प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरला, आणि तोही मैदानातला चॅम्पियन होता. म्हणजे 'देखणा' आणि 'कामाचा' हे शब्द तेव्हा एकाच कुत्र्याला लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र ती सोयरीक तुटली. रिंगणवाले रुंद डोके आणि जाड हाड निवडू लागले, मैदानवाले वेग निवडू लागले. आज इंग्लंडात दोघे शेजारी उभे केले तर सख्खे चुलत आहेत हे शपथेवर सांगावे लागेल.

मैदानवाल्यांची वकिली मी करीत नाही. त्यांनीही कमी घोळ घातलेला नाही. रेवा त्याच वळणाची आहे म्हणून अनुभवाने सांगतो. लॅब्रॅडॉरची शेपूट पाणमांजराच्या शेपटीसारखी बुंध्याशी जाड आणि दाट केसांची असावी. हिची चाबकासारखी आहे. अस्तर नावालाच. आणि अंगातली वीज कुठे सोडावी हे न कळून हिने पहिल्या वर्षी माझ्या तीन चपला, सोफ्याची एक उशी आणि टेलिफोनच्या बिलाची फाइल संपवली. प्रदर्शनात हिला कोणी बक्षीस देणार नाही आणि देऊही नये. माझे म्हणणे एवढेच आहे की जातीच्या या टोकाला जसे दोष आहेत तसे त्याही टोकाला आहेत. पण या टोकाला लोक 'मिक्स' म्हणतात आणि त्या टोकाला 'प्युअर'. हा न्याय मला साफ नामंजूर आहे.

"पण नियमच तसा आहे," असे सांगणारे जाणकार भेटतात. कोणता नियम? ब्रिटनच्या नियमात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आहे. अमेरिकेत साडेबावीस ते साडेचोवीस इंच, म्हणजे सुमारे ५७ ते ६२ सेंटिमीटर. त्यातून अर्ध्या इंचाहून अधिक कमीजास्त भरला तर कुत्रा थेट बाद! १९९४ साली तिथे हा नियम आला तेव्हा ठेंगण्या, भरलेल्या वळणाची वीण राखणारे काही पैदासकार न्यायालयात गेले आणि हरले. समुद्र ओलांडताच आदर्श पाच सेंटिमीटरांनी वाढत असेल तर 'लॅब्रॅडॉर असा असतो' हे कोणत्या काठावर उभे राहून म्हणायचे? आणि गंमत अशी की ज्या ब्रिटिश नियमाचे नाव हे लोक घेतात, त्यातच हा कुत्रा अतिशय चपळ असावा आणि म्हणून फाजील वजन त्याला वर्ज्य आहे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. तेवढी ओळ आपल्याकडे कोणी वाचत नाही.

आपल्याकडे वाचतात त्या जाहिराती. 'हेवी बोन', 'बिग हेड', 'शो क्वालिटी'. पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू, त्याचा पंजा हातात धरून काढलेला फोटो, आणि किंमत हाडाच्या जाडीवर. शिकारीचा तर आपल्याकडे प्रश्नच उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली आणि झाली ते उत्तम झाले. पण कुत्र्याला जोखणारे काम गेले, आणि त्याच्या जागी आपला डोळा आला. आपला डोळा कसा आहे? त्याला अंगाने भरलेला तो 'खात्यापित्या घरचा' दिसतो. मराठवाड्यातला कारवान कुत्रा सशासारखा पळतो, वाऱ्यासारखा वळतो, शहरातला माणूस त्याला पाहून म्हणतो, "उपाशी ठेवलाय का हो याला?" कुत्र्याच्या बरगडीत आपण धन्याची ऐपत वाचतो. दुसरे काही नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे खरे, पण हा डोळा माझाही होता. रेवाच्या आधी आमच्याकडे गब्बू होता. अशीच जाहिरात वाचून, अशाच पंजाला भुलून आणलेला. तो वाढू लागला तसे येणारे-जाणारे "काय हाड आहे!" म्हणत आणि मला मूठभर मांस चढे. त्याला मात्र पसाभर चढत होते. सकाळी तूप लावलेली पोळी, दुपारी दहीभात, संध्याकाळी अंडी, आणि मधल्या वेळी प्रत्येकाच्या ताटातला एकेक घास. चौथ्या वर्षी त्याची पुढची कोपरे दुखू लागली. डॉक्टरांनी त्याच्या बरगडीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "हाड भारी आहे म्हणता, पण मला तर ते सापडतच नाही." वजन ४६ किलो भरले. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही चौघे त्याला चादरीच्या झोळीतून खाली नेत होतो. नववे वर्ष त्याने पुरे केले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून पोळीला तूप लावताना मान वर केली नाही, असे कितीतरी महिने चालले होते.

नंतर मी जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की ब्रिटनमधल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. त्यामुळे भूक भागल्याची वर्दी मेंदूला नीट पोचत नाही, आणि त्याच्या प्रत्येक प्रतीमागे कुत्र्याचे वजन सरासरी दोनेक किलोंनी वाढते. म्हणजे ज्याला आपण 'प्रेमळ डोळे' म्हणतो, त्यात पुष्कळदा निव्वळ भूक असते. त्याआधी अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर त्यांच्या जन्मभर एक प्रयोग झाला होता. एकाच विणीतल्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा कुरकुरू लागले. २००२ साली हे प्रसिद्ध झाले. प्रयोग करणारी कंपनी कुत्र्यांचे खाणे विकणारी होती, हे विशेष. मिठाईवाल्याने पेढे कमी खा म्हणावे तसे.

मुंबईत १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी पोलिसांच्या श्वानपथकात जंजीर नावाचा लॅब्रॅडॉर होता. तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स त्याने हुंगून काढले. किती माणसे त्या नाकामुळे जगली याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. त्याच्या डोक्याची रुंदी किती होती, हे मी आजवर कुठे छापलेले पाहिलेले नाही.

तेव्हा पिल्लू घ्यायला जाल तर पंजे मोजू नका. त्याच्या आईला चालायला सांगा. ती चार जिने चढून धापा न टाकता उभी राहते का पाहा; तिच्या खुब्यांचे आणि कोपरांचे क्ष-किरण फोटो काढले आहेत का विचारा. विकणारा हसला तर घरी परत या. ठेंगणे घ्या, उंच घ्या, काळे, पिवळे, तपकिरी घ्या. एके काळी पिवळ्या पिल्लांनाही नाके मुरडली जात, आज त्यांच्यावाचून दिवाणखाना सजत नाही. फक्त बरगडी बोटांना लागली पाहिजे.

या गणपतीत आमच्या इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद होती. संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेरू बसला तो उठेना. जीभ बाहेर, डोळे भाऊसाहेबांवर. मी काही न बोलता घरातून चादर आणली. आम्ही चौघांनी चार टोके धरली. मला ती पकड ओळखीची होती. वर पोचल्यावर भाऊसाहेब कपाळ पुसत म्हणाले, "अहो, रेवाला तुम्ही किती घालता?"

मी सांगितले. वाटीही आणून दाखवली.

त्यांनी ती वाटी बराच वेळ हातात धरली. शेरू लादीवर आडवा होऊन वाटीकडे पाहत होता. मग ती मला परत देत ते म्हणाले, "करू या. एवढी दिवाळी होऊ द्या."